मृतबिंदू : न हलणाऱ्या जागेचा शोध

आमच्या गटातल्या एका शिक्षकमित्राने जुनी प्रीमियर पद्मिनी जपून ठेवली आहे. एकदा तिचे इंजिन उघडावे लागले. काम झाले, सारे परत बसवले आणि शेवटी प्रज्वलनाची वेळ, म्हणजे टायमिंग, लावायची पाळी आली. त्यासाठी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून ठेवायचा असतो. गॅरेजवाले या जागेला 'टॉप डेड सेंटर' किंवा नुसते 'टीडीसी' म्हणतात. आपण तिला वरचा मृतबिंदू म्हणू. ही जागा दाखवणारी एक बारीक खूण इंजिनाच्या पुलीवर असते. त्या गाडीच्या पुलीवर गंजाखेरीज काहीच दिसत नव्हते.

आम्ही तिथे चार जण होतो, त्यांतले दोघे भौतिकशास्त्र शिकवणारे. उपाय आम्हाला सोपा वाटला. स्पार्क प्लग काढला, त्या भोकातून विणकामाची सुई पिस्टनवर टेकवली आणि पुली हाताने सावकाश फिरवू लागलो. सुई वर येईल, थांबेल आणि खाली जाऊ लागेल. जिथे थांबली तो मृतबिंदू. तीनदा केले, तीनदा पुलीवर खडूने खूण केली. तिन्ही खुणा वेगवेगळ्या जागी! पहिली आणि तिसरी यांत सहा-सात अंशांचे अंतर होते.

गॅरेजचे म्हातारे मिस्त्री हे बघत होते. त्यांनी खोक्यातून एक विचित्र वस्तू काढली. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनी माती फोडून टाकून त्याच्या कवचात त्यांनी गोल टोकाचा एक बोल्ट घट्ट बसवलेला होता. "सर, ते वर असताना नाही पकडता येत," ते म्हणाले. "चढताना आणि उतरताना पकडायचं." पाच मिनिटांत त्यांनी पुलीवर कानसेने बारीक खाच घेतली आणि आमच्या तिन्ही खडूच्या खुणा फडक्याने पुसून टाकल्या.

हे कुठे शिकलात, असे विचारल्यावर 'उस्तादाने दाखवलं' एवढेच उत्तर मिळाले. उस्तादाला कुणी दाखवले, ते त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही मग पुस्तके चाळू लागलो आणि मोटारीपासून सुरू झालेला हा माग वाफेच्या इंजिनापर्यंत आणि तिथून थेट उन्हात रोवलेल्या काठीपर्यंत गेला.

आधी त्या 'मृत' शब्दाकडे पाहू. ज्यांच्या घरी पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे त्यांनी हा बिंदू पायाने अनुभवलेला असतो. कधी कधी पायटा दाबला तरी चाक हलत नाही. आणखी जोर लावला तरी हलत नाही. मग आपण हाताने चाकाला किंचित ढकलतो आणि यंत्र सुरू होते. काय झालेले असते? पायट्यापासून चाकाकडे जाणारा दांडा आणि चाकावरचा क्रँक हे दोन्ही एका सरळ रेषेत आलेले असतात. आपला सगळा जोर त्या रेषेतून थेट चाकाच्या आसावर जातो. आसाला तो दाबतो, पण फिरवत नाही. जोर आहे, त्याचा फिरवण्याचा परिणाम मात्र शून्य. म्हणून ती जागा मृत. अशा जागा एका फेऱ्यात दोन येतात, एक वर आणि एक खाली.

न्यूकोमेनच्या १७१२ सालच्या वाफेच्या इंजिनाला ही अडचण नव्हती, कारण त्याला काही फिरवायचेच नव्हते. खाणीतले पाणी उपसायला तुळईचे एक टोक वर-खाली झाले की पुरे. गिरण्यांना मात्र फिरणारे चाक हवे होते. १७८० मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्डने इंजिनाला क्रँक जोडण्याचे पेटंट घेतले. जेम्स वॉटची पक्की समजूत अशी की, ही कल्पना आपल्याच कारखान्यातून बाहेर फुटली. ते असो. पेटंटच्या वाटेला न जाता त्याने १७८१ मध्ये दुसरी युक्ती काढली. एक दंतचक्र दुसऱ्याभोवती ग्रहासारखे फिरते, म्हणून तिला 'सूर्य आणि ग्रह' योजना म्हणत. मृतबिंदू तिच्यातही होतेच. त्यातून पार व्हायला एकच उपाय होता : जड फ्लायव्हील. फिरत असताना त्यात साठलेली ऊर्जा चाकाला मृत जागेतून पुढे ओढून नेते. पण इंजिन नेमके मृतबिंदूवर थांबले, तर ते आपण होऊन सुरू होत नसे. फ्लायव्हीलच्या कडेला भोके ठेवलेली असत. त्यांत पहार घालून माणसे ते चाक थोडे पुढे सरकवत. शिलाई मशीनच्या चाकाला आपण देतो तोच हात, फक्त काही टन वजनाच्या चाकाला.

आगगाडीच्या इंजिनाला असा हात कोण देणार? १८१२ मध्ये लीड्सजवळच्या मिडलटन रेल्वेसाठी मॅथ्यू मरे याने बांधलेल्या इंजिनात दोन सिलिंडर होते आणि त्यांचे क्रँक एकमेकांशी काटकोनात. एक सिलिंडर मृतबिंदूवर असेल तेव्हा दुसरा भर जोरात असतो. पुढे दोन सिलिंडरांची वाफेची इंजिने सर्रास याच पद्धतीने बांधली गेली.

आतापर्यंत मृतबिंदू ही टाळायची जागा होती. ती शोधायची जागा केव्हा झाली? वाफ वाचवायची गरज पडली तेव्हा. सिलिंडरमध्ये वाफ आत सोडणारी झडप पिस्टन टोकाला पोचण्याच्या किंचित आधी उघडली, तर परतीचा धक्का पहिल्यापासून पूर्ण बसतो. उशिरा उघडली तर जोर वाया, फार लवकर उघडली तर वाफ पिस्टनला उलट ढकलते. म्हणजे 'किंचित आधी' हे मोजून लावायला हवे आणि कशाच्या आधी, तर मृतबिंदूच्या. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या कारखान्यांत झडपा लावणे हे हुशार फिटरचे काम मानले जाई आणि त्या कामाची पहिली पायरी होती मृतबिंदू शोधणे.

तो फिटर पिस्टन टोकाला पोचण्याची वाट पाहत बसत नसे. त्याच्याकडे ट्रॅमेल नावाची एक सळई असे, दोन्ही टोके वाकवून अणकुचीदार केलेली. चाक फिरवत पिस्टन टोकापासून थोडा अलीकडे आला की तो थांबे. पिस्टनच्या दांड्याला जोडलेला क्रॉसहेड ज्या मार्गावर सरकतो, तिथे एक रेघ मारी. मग सळईचे एक टोक इंजिनाच्या सांगाड्यावरच्या ठरावीक खड्ड्यात टेकवून दुसऱ्या टोकाने चाकावर रेघ ओढी. आता चाक पुढे फिरवायचे. क्रॉसहेड टोकाला जातो, परततो आणि पुन्हा बरोबर त्याच रेघेवर येतो. तिथे थांबून त्याच सळईने चाकावर दुसरी रेघ. दोन रेघांमधले अंतर कंपासने निम्मे केले की मधला बिंदू सापडला. चाक त्या बिंदूवर आणून उभे केले की पिस्टन मृतबिंदूवर.

मिस्त्रींचे 'चढताना आणि उतरताना' ते हेच. पण इतका वळसा कशाला? सरळ टोकावर का मोजू नये?

थोडा हिशेब करू. पद्मिनीच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली जाण्याचा पल्ला, ७५ मि.मी. आहे. म्हणजे क्रँकची त्रिज्या ३७.५ मि.मी. कनेक्टिंग रॉडची लांबी आपण त्रिज्येच्या साडेतीनपट धरू. क्रँक मृतबिंदूपासून १ अंश फिरला तर पिस्टन किती खाली येतो? सुमारे ०.००७ मि.मी. तीन अंश फिरला तर ०.०७ मि.मी.पेक्षा थोडे कमी. आपल्या वहीच्या कागदाची जाडीसुद्धा याहून जास्त भरेल. दहा अंशांना जेमतेम पाऊण मिलिमीटर. आता पुढे जाऊन पाहा. क्रँक ४० अंशांवर असताना पिस्टन ११ मि.मी. खाली आलेला असतो आणि ३९ ते ४० या एकाच अंशात तो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त सरकतो. माथ्यावरच्या पहिल्या अंशाच्या जवळजवळ ७०पट!

समजा, आपली मोजणी ०.०५ मि.मी.ने चुकू शकते. ही मानवी केसाएवढी चूक झाली. माथ्यावर तेवढ्या चुकीपायी आपण अडीच अंशांहून जास्त भरकटू, एका बाजूला किंवा दुसऱ्या. ४० अंशांवर मात्र तीच चूक कोनात फक्त दहाव्या हिश्शाएवढी उरते. विणकामाच्या सुईने आम्ही सहा-सात अंशांच्या पट्ट्यात का भटकत होतो, ते इथे उलगडते. आमचे डोळे वाईट नव्हते. मोजायची जागाच अशी निवडली होती, जिथे मोजण्यासारखे काही घडत नाही.

वर्गात कलन शिकवताना आपण सांगतो की, महत्तम मूल्याच्या ठिकाणी विकलज शून्य असतो. मुले ते उत्तरपत्रिकेत लिहितात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, माथ्याची उंची सहज कळते आणि माथ्याची जागा कळत नाही. ही गोष्ट न्यूटन-लायब्निट्सच्या आधीही काही जणांच्या लक्षात आली होती. भास्कराचार्यांनी ११५० मधल्या 'सिद्धांतशिरोमणी'त म्हटले आहे की, ग्रहाचे फल, म्हणजे मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक, जिथे सर्वांत जास्त असतो तिथे गतिफल शून्य होते. १६१३ मध्ये केप्लरचे दुसरे लग्न झाले. त्या वेळी वाइनवाल्याने पिंपात तिरकी काठी घालून किंमत ठरवलेली पाहून तो अस्वस्थ झाला आणि १६१५ मध्ये त्याने पिंपांच्या घनफळावर पुस्तकच लिहिले. त्यात एक निरीक्षण आहे : सर्वांत जास्त घनफळ देणाऱ्या आकाराच्या आसपास माप थोडे बदलले, तरी घनफळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पिंप करणाऱ्या सुताराला ही सवलतच होती, कारण त्याची थोडी चूक खपून जाते. इंजिनाच्या मिस्त्रीला तीच गोष्ट अडचणीची. एकाला उंची हवी असते, दुसऱ्याला जागा.

जागाच हवी असलेले आणखी एक फार जुने काम म्हणजे दिशासाधन. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात आणि 'सूर्यसिद्धांता'च्या तिसऱ्या अध्यायात त्याची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे सरळ काठी, उभी करायची आणि तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी लांब असलेली सावली आखडत जाते. तिचे टोक वर्तुळाला जिथे टेकते तिथे एक खूण. दुपारनंतर सावली वाढू लागते आणि टोक पुन्हा वर्तुळाला टेकते, तिथे दुसरी खूण. दोन खुणांना जोडणारी रेषा ती पूर्व-पश्चिम. तिला मध्यातून लंब काढला की उत्तर-दक्षिण.

आजही अनेक शाळांत उत्तर दिशा शोधायला 'सर्वांत आखूड सावली' घ्यायला सांगतात. पुण्यात २१ मार्चला १ मीटरच्या काठीची मध्यान्हाची सावली सुमारे ३३ सें.मी. असते. मध्यान्हाच्या आधी किंवा नंतर दहा मिनिटांनी ती फक्त ३ मि.मी. जास्त असते. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कडाच जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर असते, तेव्हा हे ३ मि.मी. दिसणार कसे? त्यात त्या वीस मिनिटांत सावलीची दिशा मात्र भराभर बदलत असते. ज्याने शंकूभोवती वर्तुळ काढायची रीत घालून दिली, त्याने माथ्यावर न मोजता दोन्ही उतारांवर मोजले. १७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहायला ताहिती बेटावर गेलेल्या कॅप्टन कुकच्या चमूनेही आपले घड्याळ असेच लावले : सकाळी आणि दुपारी सूर्य सारख्याच उंचीवर असतानाच्या वेळा टिपायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा.

याचा अर्थ रेल्वेच्या फिटरने शुल्बसूत्रे वाचली होती, असा कुणी काढू नये. असल्या ओढाताणीचा आम्हाला कंटाळा आहे. अडचण सारखी होती म्हणून वाट सारखी निघाली, इतकेच. पण दोन्हीकडे एक बारकावा समान आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. निम्मे करण्याची युक्ती तेव्हाच खरी ठरते, जेव्हा चढण आणि उतरण एकमेकींसारख्या असतात. सूर्य सकाळपासून दुपारपर्यंत आकाशात थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, मार्च-सप्टेंबरमध्ये तासाला सुमारे एक कला. त्यामुळे दोन उतार तंतोतंत सारखे राहत नाहीत. आपल्याकडच्या नंतरच्या ज्योतिर्विदांनी त्यासाठी दुरुस्तीही सांगितली. इंजिनात ही असमानता येते ती सांध्यांतल्या ढिलाईमुळे. तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

मोटारीच्या इंजिनाला मृतबिंदू इतका महत्त्वाचा का झाला? १८७६ मध्ये निकोलाउस ओटोने चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखवले. त्यात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबून मग पेटवतात. पेटणे म्हणजे एका क्षणात सगळे जळणे नव्हे. ठिणगीपासून ज्वाला पसरत जाते आणि त्याला एक-दोन हजारांश सेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर दोन हजारांश सेकंदांत क्रँक ३६ अंश फिरलेला असतो. सर्वांत जास्त दाब मृतबिंदू ओलांडल्यावर सुमारे १५ अंशांवर यावा, म्हणजे त्याचा उपयोग होतो. त्यासाठी ठिणगी मृतबिंदूच्या बरीच आधी पाडावी लागते आणि वेग वाढला की आणखी आधी. चार-पाच अंशांची चूक झाली तरी इंजिन चालते, हाच त्यातला धोका. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते आणि पेट्रोल पिते. लवकर पडली तर चढावर आतून टकटक ऐकू येते आणि तसेच चालवत राहिले तर पिस्टनला इजा होते.

१९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीत हे काम चालकाच्या हाती होते. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगी मागे-पुढे करणारी एक दांडी असे. इंजिन हँडल मारून सुरू करताना ती दांडी विसरून पुढेच राहिली, तर ठिणगी मृतबिंदूच्या आधी पडे, इंजिन उलटे फिरे आणि हँडल मारणाऱ्याचा हात मोडे. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये वजने आणि स्प्रिंगा आल्या. वेगाप्रमाणे ठिणगी पुढे सरकवण्याचे काम त्या करू लागल्या. पण त्यांचा शून्य कुठे, हे कुणीतरी एकदा बसवून द्यावेच लागे. त्यासाठी पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण.

आणि खुणेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. गंजणे सोडा, बऱ्याच इंजिनांत पुलीचे बाहेरचे कडे रबराच्या थराने आतल्या भागाला चिकटवलेले असते, म्हणजे कंपने शोषली जातात. रबर जुने झाले की कडे घसरते. खूण स्वच्छ, ठळक दिसते आणि खोटे बोलते. अशा गाडीचे टायमिंग कितीही काटेकोर लावले तरी ते बिघडलेलेच राहते.

आता मिस्त्रींची रीत. त्यांनी आधी सगळे प्लग काढले, म्हणजे इंजिन हाताने हलके फिरते. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून पुली फिरवायला सांगितली. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबत आणि एकदा जळका धूर बाहेर टाकत. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. अंगठा आतल्या दाबाने उचलला जाऊ लागला की ती खेप ओळखावी. मग पिस्टन बराच खाली नेऊन त्यांनी तो बोल्टवाला प्लग बसवला. इंजिनावर तारेचा एक काटा आवळला, त्याचे टोक पुलीच्या कडेजवळ आणले आणि पुलीच्या कडेवर कागदाची पट्टी चिकटवली. पुली सावकाश पुढे फिरवली. पिस्टन वर आला आणि बोल्टाला टेकून थांबला. काट्यासमोर पट्टीवर पेन्सिलीची रेघ. आता पुली उलटी, जवळजवळ पूर्ण फेरा फिरवली. पिस्टन खाली जाऊन दुसऱ्या बाजूने वर आला आणि पुन्हा त्याच बोल्टाला टेकला. दुसरी रेघ. दोन रेघांच्या मधला जो लहान तुकडा काट्यासमोरून जाऊच शकला नाही, त्यात मृतबिंदू आहे. पट्टी काढून त्यांनी रेघेवर रेघ ठेवून घडी घातली. घडी पडली तो मध्य. कोनमापक नाही, आकडेमोड नाही. पट्टी पुन्हा जागच्या जागी चिकटवून घडीपाशी खाच घेतली. बोल्ट काढून ती खाच काट्यासमोर आणली आणि अंगठ्याची परीक्षा पुन्हा एकदा घेतली.

यात दोन गोष्टी आमच्या उशिरा लक्षात आल्या. पहिली, बोल्ट किती लांब आहे याने काहीच फरक पडत नाही. प्लगचे भोक तिरके असले तरी बिघडत नाही. दोन्ही वेळा पिस्टन एकाच जागी अडला म्हणजे झाले. ती जागा नेमकी कुठली, हे कळायची गरज नाही. दुसरी गोष्ट ढिलाईची. पिस्टनची पिन, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग यांत थोडी मोकळीक असतेच. सुई किंवा डायल गेज लावून एकाच दिशेने फिरवत गेलो, तर वर जाताना रॉड पिस्टनला ढकलतो आणि खाली येताना ओढतो. मोकळीक आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला जाते. चढण-उतरण सारख्या राहत नाहीत आणि मध्य सरकतो. बोल्टाच्या रीतीत पुली कोणत्याही दिशेने फिरवा, शेवटी रॉड पिस्टनला बोल्टावर दाबतच असतो. मोकळीक दोन्ही वेळा एकाच बाजूला जाते आणि निम्मे करताना उडून जाते. मिस्त्रींनी हे आम्हाला शब्दांत सांगितले नाही. पण 'स्टार्टर मारायचा नाही, हातानेच फिरवायचं, आणि टेकल्यावर जोर करायचा नाही', हे मात्र तीनदा सांगितले. जोर केला तर पिस्टनला भोक पडू शकते.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरते. साठ दातांच्या जागा, पण त्यांतले दोन दात मुद्दाम गाळलेले, अशी रचना बऱ्याच इंजिनांत असते. ती रिकामी जागा संवेदकासमोरून गेली की संगणकाला मृतबिंदू किती अंश पुढे आहे ते कळते. ते अंतर मात्र चाक बनवतानाच ठरवून ठेवलेले असते.

वर्गात हे करून पाहायला इंजिन लागत नाही. शिलाई मशीन पुरते. दोरा, सुई आणि बॉबिन काढून ठेवा. पायट्याचा पट्टा उतरवा. हाताने फिरवायच्या चाकाभोवती कागदाची पट्टी चिकटवा आणि मशीनच्या अंगावर तारेचा काटा लावा. सुईच्या दांड्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढा. आधी मुलांना चाक फिरवून दांडा 'सर्वांत खाली' कधी येतो ते नुसते पाहून सांगू द्या आणि प्रत्येकाची खूण पट्टीवर वेगळ्या रंगाने करा. मग दांड्यावरची रेघ उतरताना आणि चढताना एका ठरावीक जागेशी, समजा मशीनच्या खालच्या कडेशी, येते तेव्हा खुणा करून पट्टीची घडी घाला.

आम्ही हे नववीच्या वर्गात केले. नुसते पाहून केलेल्या खुणा पट्टीवर चांगल्या बोटभर रुंदीत विखुरल्या होत्या. घडीच्या रीतीने एक सोडून सगळ्या गटांची उत्तरे एका जागी आली. वेगळे उत्तर आलेल्या गटाने चाक सबंध प्रयोगभर उलट्या दिशेने फिरवले होते. त्यांचा मध्य बाकीच्यांपेक्षा पेन्सिलीच्या दोन रेघा बाजूला पडला होता. ही चूक म्हणून आम्ही पट्टी टाकून देणार होतो. तेवढ्यात त्या गटातली एक मुलगी म्हणाली की, उलटे फिरवताना दांडा हलायला थोडा उशीर करतो, ते त्यांना हाताला जाणवले होते. मग प्रत्येक गटाने दोन्ही दिशांनी प्रयोग केला. सरळ फिरवून एक मध्य, उलटे फिरवून दुसरा आणि त्या दोन मध्यांचा पुन्हा मध्य. जुन्या मशीनवर त्या दोन मध्यांतले अंतर जास्त आले, नव्या मशीनवर कमी. ते अंतर सांध्यांतली ढिलाई दाखवते, हे आम्ही सांगायच्या आत फळ्यावर लिहिले गेले होते.